लॅबची तारीख घेण्याआधी : पहिल्या बोर्डापासून टेबलावरच ईएमसी कशी तपासावी

चोपड्याजवळच्या एका केळीच्या मळ्यात आमचा पहिला मोबाईल स्टार्टर बसवला आणि तिसऱ्याच दिवशी शेतकऱ्याचा फोन आला. "भाऊ, मोटर चालू व्हस, आनी तुमना डब्बा बंद पडी जास." डबा म्हणजे आमचं उपकरण. जळगावच्या एमआयडीसीतल्या दोन खोल्यांत बनवलेलं, आत सिमकार्ड असलेलं, फोनवरून विहिरीवरची पाणबुडी मोटर चालू-बंद करणारं. टेबलावर ते आठवडाभर न चुकता चाललं होतं. शेतात मात्र कॉन्टॅक्टर (मोटरची वीज जोडणारा-तोडणारा विद्युत स्विच) ओढला गेला की मायक्रोकंट्रोलर (डब्याचा मेंदू असलेली चिप) रीसेट व्हायचा, कॉन्टॅक्टर सुटायचा आणि मोटर थांबायची. शेतीच्या फिडरला त्या आठवड्यात रात्रीची लाइट होती. ज्या फेऱ्या वाचाव्यात म्हणून त्या माणसानं पैसे मोजले, त्याच फेऱ्या तो बॅटरी घेऊन अंधारात मारत होता.

काही महिन्यांनी त्याच डब्याची दुसरी बाजू पुण्याच्या लॅबच्या चेंबरमध्ये, म्हणजे बाहेरच्या रेडिओलहरी अडवणाऱ्या चाचणीच्या खोलीत, समोर आली. १४४ मेगाहर्ट्झला डब्यातून निघणाऱ्या गोंगाटाच्या आलेखाची रेघ मर्यादेच्या वर उभी होती. आमचा क्रिस्टल (चिपला ठोके देणारा भाग) १६ मेगाहर्ट्झचा, म्हणजे हा त्याचा नववा हार्मोनिक, नऊपट वारंवारता. दारावरच्या डिस्प्लेकडे जाणारी अर्ध्या मीटरची पट्टी-केबल त्याची अँटेना झाली होती. बोर्ड पक्का झालेला, डब्यांचे साचे झालेले, पहिल्या लॉटचे सुटे भाग कपाटात. तिथून मागे फिरणं फार महाग पडतं.

दोन्ही दोष ईएमसीचे (इलेक्ट्रोमॅग्नेटिक कम्पॅटिबिलिटी, म्हणजे विद्युत गोंगाटानं उपकरणांनी एकमेकांना न बिघडवता चालणं). दोन्ही पहिल्या बोर्डावर, आमच्याच टेबलावर, दिसू शकले असते. ते कसं, हे इथे क्रमानं लिहितो. जळगाव, धुळे, नंदुरबारमध्ये बसून उपकरणं बनवणाऱ्यांना याची गरज जास्त आहे, कारण मोठी लॅब आपल्याकडून ४०० किलोमीटरवर आहे. तिथल्या एका दिवसामागे आपले तीन दिवस जातात.

पायरी १ : बोर्ड काढण्याआधी एक पान भरा

ईएमसीच्या दोन बाजू आहेत. आपलं उपकरण इतरांना किती त्रास देतं ते उत्सर्जन, आणि इतरांचा त्रास ते किती सोसतं ती सहनशक्ती. कागदपत्रं बहुतेकदा पहिल्या बाजूवर अडतात. ग्राहकाचे फोन मात्र दुसऱ्या बाजूमुळे येतात. दोन्ही एकाच पानावर मांडा.

पानावर सगळ्यात वर तुमच्या उपकरणाला लागू होणारं मानक लिहा. उत्सर्जनासाठी, सिस्पर या आंतरराष्ट्रीय समितीच्या मानकांपैकी, औद्योगिक उपकरणांना सिस्पर ११, घरगुती विद्युत उपकरणांना सिस्पर १४-१, संगणक व मल्टिमीडिया वर्गाला सिस्पर ३२ आणि वाहनात बसणाऱ्या भागांना सिस्पर २५ आहे. भारतात वाहनांच्या ईएमसीसाठी एआयएस-००४ भाग ३ पाहावा लागतो. युरोपात विकायचं असेल, तर सीई चिन्हामागे २०१४/३०/ईयू हा ईएमसी निर्देश असतो. उपकरण मोबाईल नेटवर्कला जोडलं जाणार असेल, तर टेलिकॉम इंजिनिअरिंग सेंटरच्या सक्तीच्या चाचणी-प्रमाणनाच्या यादीत ते येतं का, हे पहिल्याच आठवड्यात तपासा. त्या चाचण्यांत ईएमसीही असते.

त्याखाली मर्यादांचे आकडे लिहा. निवासी वापराच्या, म्हणजे क्लास बी उपकरणाला वीजतारेवरच्या उत्सर्जनाची मर्यादा १५० किलोहर्ट्झला ६६ डीबी मायक्रोव्होल्टवर (एका मायक्रोव्होल्टच्या किती पट, ते लॉगच्या मापात) सुरू होते आणि ५०० किलोहर्ट्झपर्यंत ५६ वर उतरते. पुढे ५ मेगाहर्ट्झपर्यंत ५६ आणि ३० मेगाहर्ट्झपर्यंत ६०. हे क्वासी-पीकचे (वारंवार येणाऱ्या टोकांना जास्त वजन देणाऱ्या मापाचे) आकडे झाले. सरासरीची मर्यादा सगळीकडे १० डीबीनं खाली. हवेतल्या उत्सर्जनाला १० मीटरवर ३० ते २३० मेगाहर्ट्झमध्ये मीटरमागे ३० डीबी मायक्रोव्होल्ट, तिथून १००० पर्यंत ३७. तीन मीटरवर मोजताना यात सुमारे १० मिळवतात, म्हणजे ४० आणि ४७. मीटरमागे ४० डीबी मायक्रोव्होल्ट म्हणजे १०० मायक्रोव्होल्ट. इतक्या बारीक गोष्टीवर उत्पादन पास किंवा नापास होतं, हे मनात ठसू द्या. औद्योगिक, म्हणजे क्लास ए ची हवेतली मर्यादा १० डीबीनं सैल आहे. शेतातलं उपकरण कोणत्या वर्गात जाईल, हे लॅबशी बोलून पक्कं करा. मी स्वतः क्लास बी धरूनच आखणी करतो, कारण ज्या डीपीवरून मोटर चालते त्याच डीपीवरून कधी कधी वस्तीचीही लाइन जाते.

पानाच्या उरलेल्या जागेत दोन याद्या करा. पहिलीत बोर्डावरची प्रत्येक ठोके देणारी गोष्ट : क्रिस्टल, एसएमपीएसची (वेगानं चालू-बंद होऊन वीज बदलणाऱ्या पुरवठ्याची) स्विचिंग वारंवारता, डिस्प्लेचा क्लॉक, मॉडेम. दुसरीत डब्याबाहेर जाणारी प्रत्येक तार, लांबीसकट. पुढे आलेखावर टोक दिसलं की पहिली यादी चोर सांगते आणि दुसरी त्याचा रस्ता. एक मीटरची तार ७५ मेगाहर्ट्झच्या आसपास पाव तरंगलांबीची होते, अर्ध्या मीटरची १५० च्या आसपास. आमची पट्टी-केबल १४४ ला का बोलली, ते या एका हिशेबात कळलं असतं.

पायरी २ : नकाशावर परतीचा रस्ता बोटानं गिरवा

पीसीबीचा (छापील सर्किट बोर्डाचा) लेआउट तयार झाला की त्याची मोठी छपाई काढा आणि लाल पेननं बसा. वेगानं चालणारा प्रत्येक सिग्नल जाताना कुठून जातो ते सगळेच बघतात. तो परत कुठून येतो ते बघा. उच्च वारंवारतेला परतीचा प्रवाह सिग्नलच्या थेट खालच्या ग्राउंडमधून येऊ पाहतो. तिथे ग्राउंडला चीर असेल, तर तो वळसा घालतो आणि त्या वळशाचं क्षेत्रफळ म्हणजे तुमची अँटेना. दोन थरांच्या बोर्डात एक थर शक्यतो अखंड ग्राउंडला द्या. नाही जमलं, तर चार थरांचा भाव काढा. फेऱ्या आणि दुरुस्त्या धरल्या तर चार थर बऱ्याचदा स्वस्त पडतात, असा माझा अनुभव आहे.

सगळे कनेक्टर बोर्डाच्या एकाच कडेला आणा. एका टोकाला वीज आणि दुसऱ्या टोकाला सेन्सर असेल, तर बाहेरून आलेला प्रत्येक धक्का अख्ख्या बोर्डावरून चालत जातो. सर्ज (वीजतारेवरची अचानक उसळी) आणि स्थिर विजेपासून वाचवणारे भाग कनेक्टरला चिकटून हवेत. तीन सेंटिमीटर आत ठेवलेला टीव्हीएस डायोड (जादा व्होल्टेज गिळणारा भाग) निम्मा वाया जातो. मायक्रोकंट्रोलरच्या प्रत्येक सप्लाय पिनेला १०० नॅनोफॅरडचा कपॅसिटर, पिनेला लागून. रीसेट पिनेला पुल-अप आणि छोटा कपॅसिटर, तोही पिनेजवळच. रीसेटचा ट्रॅक बोर्डभर फिरवू नका.

आता या पायरीतली सर्वांत उपयोगी सवय. शंका वाटेल तिथे रिकामी जागा सोडा. क्लॉकच्या ओळीत रेझिस्टरची जागा, प्रत्येक केबलच्या तोंडाशी फेराइट बीड (उच्च वारंवारतेचा गोंगाट अडवणारा मणी) आणि कपॅसिटरची जागा, एसएमपीएसच्या तोंडाशी कॉमन मोड चोकची (सगळ्या तारांतून एकाच दिशेनं जाणारा गोंगाट अडवणाऱ्या कॉइलची) जागा. आज तिथे शून्य ओहमचा तुकडा लावा किंवा काहीच लावू नका. चाचणीत गरज पडली तर भाग बसवायला पाच मिनिटं लागतात. जागाच नसेल तर नवा बोर्ड मागवावा लागतो.

पायरी ३ : टेबल मांडा

लोखंडी टेबल नको. लाकडी टेबल घ्या, त्यावर ॲल्युमिनियमचा पत्रा अंथरा आणि तो पत्रा जाड, छोट्या पट्टीनं अर्थिंगला जोडा. हा पत्रा तुमचा संदर्भ. उपकरण आणि केबल त्यापासून दर वेळी सारख्याच अंतरावर ठेवा. मी खाली १० सेंटिमीटरचे थर्माकोलचे ठोकळे ठेवतो. केबल कशी पसरली होती याचा फोटो काढून ठेवा. केबलचं वेटोळं उलगडलं तरी आलेख काही डीबीनं हलतो, आणि मग कालचं आजच्याशी ताडता येत नाही.

यंत्रांत एक स्पेक्ट्रम ॲनालायझर लागतो, म्हणजे कोणत्या वारंवारतेला किती गोंगाट आहे ते दाखवणारं यंत्र. टायनीएसएसारखं हातात मावणारं यंत्र साध्या स्मार्टफोनच्या किमतीत मिळतं आणि सुरुवातीला पुरतं. त्याच्या साध्या प्रकाराचा मुख्य इनपुट १०० किलोहर्ट्झ ते ३५० मेगाहर्ट्झपर्यंत बघतो; अल्ट्रा प्रकार त्याच्या कितीतरी वर जातो. लॅबचा रिसीव्हर ३० मेगाहर्ट्झच्या खाली ९ किलोहर्ट्झची आणि वर १२० किलोहर्ट्झची बँडविड्थ वापरतो. तुमच्या यंत्रात त्याच्या जवळची निवडा आणि ती वहीत लिहा. जवळच्या इंजिनिअरिंग कॉलेजात मोठा ॲनालायझर बंद कपाटात असू शकतो. विचारून बघा. मला एका कॉलेजनं आनंदानं वापरू दिला, आणि दोन विद्यार्थी कायमचे या विषयाला लागले.

उपकरण चालू करण्याआधी नुसत्या खोलीचा आलेख घ्या. ८८ ते १०८ मध्ये एफएम रेडिओ, ९०० च्या आसपास मोबाईल टॉवर, शिवाय खोलीतले एलईडी दिवे. त्या रेघा तुमच्या नाहीत, त्या ओळखीच्या करून घ्या. कधी स्वच्छ हवा हवीच असेल, तर आपल्याकडे शहरवाल्यांना नसलेली सोय आहे. कापूस उपटून मोकळं झालेलं रान, गावापासून दूर, वरून तार न गेलेलं, आणि त्या फिडरला लाइट नसण्याची वेळ. उपकरण बॅटरीवर चालवा, इन्व्हर्टरवर नाही. इन्व्हर्टर स्वतःच गोंगाट करतो.

पायरी ४ : स्निफर लूप, चोर शोधायला

बोर्डावर फिरवून गोंगाट हुंगणारी ही तारेची लूप घरी बनते. ५० ओहमची बारीक कोॲक्स केबल, आरजी-१७४ किंवा आरजी-५८, वीतभर घ्या. टीव्हीची केबल ७५ ओहमची आणि ताठ असते, ती नको. एका टोकाला कनेक्टर लावा. दुसरं टोक वळवून साधारण तीन सेंटिमीटर व्यासाची लूप करा आणि ते टोक, आतली तार आणि जाळी दोन्ही, लूपच्या मुळाशी जाळीला सोल्डर करा. मग लूपच्या माथ्यावर जाळी दोन मिलिमीटर कापून फट ठेवा. आतली तार कापू नका. वरून हीट-श्रिंक नळी चढवा, कारण ही लूप तुम्ही चालू बोर्डावर फिरवणार आहात आणि एसएमपीएसच्या पहिल्या बाजूला ३०० व्होल्टच्या वर डीसी असतो. एक सेंटिमीटरची दुसरी लूपही करा. मोठी लूप गल्ली दाखवते, छोटी घर.

लूपचं पातं ट्रॅकच्या रेषेत उभं धरलं की सिग्नल जास्तीत जास्त मिळतो. आडवं केलं की पडतो. यावरून प्रवाह कुठल्या दिशेनं वाहतो ते कळतं. क्रिस्टल, एसएमपीएसचा ट्रान्सफॉर्मर, डायोड, डिस्प्लेचा कनेक्टर आणि प्रत्येक केबलचं मूळ असं सावकाश फिरा. टोकांच्या वारंवारता लिहा आणि पानावरच्या यादीशी जुळवा. ६५ किलोहर्ट्झच्या पटीतली दाट रांग असेल तर एसएमपीएस. १६ च्या पटीत विरळ खांब असतील तर क्रिस्टल.

एक चूक टाळा. लूपचा आकडा मर्यादेच्या आकड्याशी ताडू नका. लूप जवळचं चुंबकीय क्षेत्र बघते आणि चेंबर दूरचं. बोर्डावर लूपला मोठ्यानं बोलणारी जागा चेंबरमध्ये गप्प असू शकते, कारण तिला बाहेर न्यायला तार नाही. लूप ही आधी-नंतरच्या तुलनेसाठी आहे. एक बदल करा, तीच जागा, तोच कोन, पुन्हा मोजा.

पायरी ५ : करंट क्लॅम्प, सर्वांत मोलाचं मोजमाप

या लेखातली एकच गोष्ट करणार असाल, तर ही करा. लहान उपकरणांचं उत्सर्जन, विशेषतः २०० मेगाहर्ट्झच्या खालचं, बहुतेक वेळा बोर्डातून जात नाही, केबलमधून जातं. केबलमधल्या सगळ्या तारांतून एकाच दिशेनं वाहणारा जो कॉमन मोड प्रवाह असतो, तो अगदी थोडा असला तरी पुरतो. ५० मेगाहर्ट्झला एक मीटर केबलमध्ये सुमारे ५ मायक्रोॲम्पिअर वाहिले, की तीन मीटरवर क्लास बी ची मर्यादा गाठली जाते. हा प्रवाह मोजायला चेंबर लागत नाही.

लॅपटॉपच्या केबलवर असतो तसा उघडझाप होणारा फेराइट घ्या. त्याच्या एका अर्ध्या भागावर इन्शुलेटेड तारेचे पाच वेढे घाला आणि दोन्ही टोकं कोॲक्सनं ॲनालायझरला द्या. झालं क्लॅम्प. पाच वेढे आणि ५० ओहमचा ॲनालायझर म्हणजे एका ॲम्पिअरला १० व्होल्ट. ५ मायक्रोॲम्पिअरला ५० मायक्रोव्होल्ट, म्हणजे ३४ डीबी मायक्रोव्होल्ट, ॲनालायझरच्या भाषेत उणे ७३ डीबीएम (एका मिलिवॅटच्या तुलनेतलं माप). हा आकडा टेबलावर चिकटवून ठेवा.

क्लॅम्पवर विश्वास ठेवण्याआधी तो तपासा. सिग्नल जनरेटरची तार क्लॅम्पमधून एकदा नेऊन ५० ओहमच्या रेझिस्टरवर संपवा आणि उणे ४० डीबीएम सोडा. क्लॅम्पवर उणे ५४ च्या आसपास मिळायला हवं. वारंवारता वाढेल तसा फरक पडेल. तो १०, ३०, १०० आणि २०० मेगाहर्ट्झला मोजून वहीत तक्ता करा. चाचणीची तार शक्य तितकी आखूड ठेवा.

आता डब्यातून निघणाऱ्या प्रत्येक केबलवर, तिच्या सगळ्या तारा एकत्र क्लॅम्पमध्ये घेऊन, डब्यापासून १० सेंटिमीटरवर मोजा. मग क्लॅम्प केबलवरून हळूहळू सरकवा, कारण प्रवाह सगळीकडे सारखा नसतो. सर्वांत मोठा आकडा घ्या. वीजतारेवर मोजताना इन्शुलेशन आधी बघा. उणे ७३ च्या खाली किमान ६ डीबी मोकळीक ठेवा. मी घरच्या क्लॅम्पवर १० ठेवतो.

आकडा जास्त आला तर हात आधी फेराइटकडे जातो. थांबा. केबलवर फेराइट चढवून सात-आठ डीबी मिळतात, पण तो प्रत्येक डब्यात कायमचा खर्च आहे. आधी विचारा, हा प्रवाह केबलमध्ये शिरला कुठून? आमच्या पट्टी-केबलमध्ये सगळ्या सिग्नलांमागे ग्राउंडची एकच तार होती, तीही एका कडेला. आम्ही क्लॉकच्या दोन्ही बाजूंना ग्राउंडच्या तारा दिल्या, क्लॉकच्या उगमाशी ४७ ओहम घातला, डिस्प्लेचा क्लॉक ८ मेगाहर्ट्झवरून १ वर आणला आणि केबल दाराच्या पत्र्याला चिकटवून नेली. १४४ ची रेघ मर्यादेखाली गेली, फेराइट न लावता. चार बदलांपैकी सर्वांत जास्त फरक ग्राउंडच्या तारांनी पडला. हे कळलं, कारण एका वेळी एकच बदल केला होता.

पायरी ६ : वीजतारेवरचं उत्सर्जन, जपून

१५० किलोहर्ट्झ ते ३० मेगाहर्ट्झ मोजायला लिझन लागतो. हा ५० मायक्रोहेन्रीचा खोका वीज आणि उपकरण यांच्यामध्ये बसतो आणि गोंगाट तेवढा ॲनालायझरकडे वळवतो. तो विकत घ्या किंवा भाड्यानं आणा. विजेच्या कामात हात बसलेला नसेल तर घरी बनवू नका. त्यातल्या मोठ्या कपॅसिटरांमुळे अर्थिंगमध्ये बराच प्रवाह जातो. अर्थिंग तुटलेली असेल तर लिझनच्या पत्र्यावरच वीज येते. म्हणून आधी अर्थिंग पक्की, मग बाकी सगळं. घरातलं ईएलसीबी (अर्थिंगमध्ये वीज गळली की लाइन तोडणारा स्विच) ट्रिप होईल. त्याला बायपास करू नका, आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर वापरा.

ॲनालायझरच्या आधी २० डीबीचा अटेन्युएटर (सिग्नल कमी करणारा भाग) लावा. उपकरण चालू झाल्यावर ॲनालायझर जोडा आणि बंद करण्याआधी काढा. चालू-बंदच्या झटक्यात इनपुट जळतो.

उपाय शोधताना गोंगाट दोन तारांमधला आहे की दोन्ही तारा आणि जमीन यांच्यामधला, हे ओळखा. ढोबळ मानानं खालच्या टोकाला, एकदोन मेगाहर्ट्झपर्यंत, पहिला प्रकार असतो. त्याला एक्स कपॅसिटर (दोन तारांमध्ये बसणारा) आणि साधा इंडक्टर चालतो. वरच्या टोकाला दुसरा. त्याला वाय कपॅसिटर (तार आणि जमीन यांच्यामध्ये बसणारा) आणि कॉमन मोड चोक. वाय कपॅसिटर मनाला येईल तेवढा वाढवता येत नाही, गळतीच्या प्रवाहाची सुरक्षा-मर्यादा आड येते.

पायरी ७ : डब्याला त्रास द्या

चोपड्याचा दोष इथे सापडला. प्रमाणित चाचणीत आयईसी ६१०००-४-४ प्रमाणे ५ नॅनोसेकंदांत चढणाऱ्या झटक्यांची माळ सोडतात. औद्योगिक उपकरणाला वीजतारेवर साधारण २ किलोव्होल्ट, सिग्नलच्या तारेवर १. टेबलावर याचा ढोबळ पर्याय जुना आहे. २३० व्होल्टच्या कॉन्टॅक्टरची कॉइल त्याच्याच एनसी, म्हणजे एरवी जोडलेल्या, कॉन्टॅक्टमधून जोडा. तो भुंग्यासारखा कडकडत राहतो आणि प्रत्येक कडकडीला कॉइलमधून तीव्र झटका निघतो. त्या कॉइलची तार आणि उपकरणाची सेन्सर-केबल एक मीटरभर शेजारीशेजारी बांधा आणि बघा. सगळी टोकं झाकलेली हवीत, फ्यूज हवा, आणि खोलीत एकट्यानं हे करू नका.

बघायचं काय, हे आधी ठरवा. बहुतेक मायक्रोकंट्रोलर रीसेटचं कारण एका रजिस्टरमध्ये ठेवतात : सप्लाय पडला, वॉचडॉग (प्रोग्राम अडकला की चिप रीसेट करणारं घड्याळ) लागला की बाहेरून रीसेट पिन ओढली गेली. ते कारण पहिल्याच ओळीत वाचून मेमरीत साठवणारा कोड पहिल्या दिवसापासून ठेवा. आम्ही महिनाभर सप्लाय पडतो असं धरून कपॅसिटर वाढवत होतो. रजिस्टर वाचलं तेव्हा कळलं की दोष रीसेट पिनेचा आहे. सहा सेंटिमीटरचा ट्रॅक, कपॅसिटर नाही, आणि पाण्याच्या पातळीच्या सेन्सरची तार कॉइलच्या तारेसोबत एकाच पट्टीतून नेलेली. पिनेजवळ कपॅसिटर बसवला, तारा वेगळ्या केल्या आणि कॉइलवर १०० ओहम व ०.१ मायक्रोफॅरड एक्स-२ चा स्नबर (झटका शोषणारी जोडी) लावला. तो मळा त्यानंतर शांत आहे.

मॉडेम स्वतःही त्रास देतो. जीएसएमचा मॉडेम सेकंदाला सुमारे २१७ वेळा स्फोटासारखा बोलतो आणि त्या क्षणी २ ॲम्पिअरपर्यंत ओढतो. सिग्नल कमकुवत असेल तेव्हा सर्वांत जास्त, आणि आपल्या विहिरी नेमक्या तशाच जागी असतात. मॉडेमच्या सप्लाय पिनेवर ऑसिलोस्कोप लावा, अँटेना काढून किंवा पत्र्याच्या डब्यात झाकून सिग्नल पाडा, आणि व्होल्टेज किती बसतं ते बघा.

स्थिर विजेची प्रमाणित चाचणी आयईसी ६१०००-४-२ ची : १५० पिकोफॅरड, ३३० ओहमची गन, साधारणतः स्पर्शानं ४ आणि हवेतून ८ किलोव्होल्ट. गन नसेल तर गॅस-लायटरच्या पिझो ठिणगीनं कीपॅडच्या कडा, स्क्रू आणि डिस्प्लेची चौकट टोचून बघता येते. ही ठिणगी अगदी कच्ची चाचणी आहे. तिच्यात पास झालं म्हणून काही सिद्ध होत नाही, पण नापास झालं तर नक्की दोष आहे. आपल्या कोरड्या उन्हाळ्यात जळगावच्याच प्लॅस्टिकच्या चटईवरून चालत येऊन माणूस डब्याला हात लावतो, तेव्हा ही चाचणी रोजच होत असते.

डिमरस्टॅटनं (व्होल्टेज कमी-जास्त करणाऱ्या ट्रान्सफॉर्मरनं) व्होल्टेज सावकाश १६० पर्यंत उतरवा आणि परत चढवा. मग झटकन तोडा आणि जोडा. डबा अर्ध्या शुद्धीत अडकतो का, कॉन्टॅक्टर थरथरतो का, ते लिहा.

सर्जची चाचणी घरी करू नका. १.२/५० मायक्रोसेकंदांच्या त्या लाटेमागची ऊर्जा जीव घेऊ शकते. ती लॅबचीच.

पायरी ८ : लॅबला जाताना

पुण्यात एआरएआय (ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया), मुंबईत समीर (सरकारी संशोधन संस्था), शिवाय खासगी लॅब आहेत. पहिली भेट प्रमाणपत्रासाठी ठेवू नका. अर्ध्या दिवसाची प्राथमिक चाचणी मागा, आणि ती बोर्डाच्या दुसऱ्या आवृत्तीवर, साचे पक्के करण्याआधी. तिथे मिळालेला आलेख घरी आणून तुमच्या क्लॅम्पच्या आलेखाशेजारी ठेवा. त्या दिवसापासून तुमच्या टेबलाला मोजपट्टी मिळते.

सोबत दोन तयार डबे, सोल्डरिंग आयर्न, तांब्याची चिकटपट्टी, तीन प्रकारचे फेराइट, कपॅसिटर-रेझिस्टरच्या पुड्या आणि शेतात लागते तीच, तेवढीच लांब केबल न्या. डबा न थांबता सर्वांत जास्त काम करत राहील असा वेगळा फर्मवेअर घाला. लॅबच्या माणसानं दर मिनिटाला फोन करून मोटर चालू करावी, अशी अपेक्षा ठेवू नका. सहनशक्तीच्या चाचण्यांसाठी निकषही लिहून न्या. चाचणी चालू असताना काहीच बिघडू नये तो ए. थोडं बिघडून आपोआप सावरलं तर बी. माणसाला हात लावावा लागला तर सी. स्टार्टरसाठी मी झटक्यांच्या चाचणीतही ए मागतो. मोटर एकदा सुटली, तर केळीचं रात्रीचं पाणी चुकतं आणि ४५ अंशांच्या दिवसांत ते पुन्हा भरून निघत नाही.

पायरी ९ : पास झाल्यावर

पास झालेल्या डब्याचे क्लॅम्पचे आलेख, केबलच्या मांडणीच्या फोटोंसकट, जपून ठेवा. एसएमपीएसचं मॉड्यूल दुसऱ्या पुरवठादाराचं आलं, मायक्रोकंट्रोलरची नवी आवृत्ती आली, केबलवाल्यानं ग्राउंडची एक तार कमी केली, तर भाग तसाच दिसतो आणि डबा तसाच चालतो, पण ईएमसी तीच राहत नाही. प्रत्येक नव्या लॉटमधले दोन डबे काढा, त्याच पत्र्यावर, त्याच ठोकळ्यांवर ठेवा, त्याच क्लॅम्पनं मोजा आणि जुन्या आलेखावर ठेवून बघा. कुठेही ३ डीबीहून जास्त चढ दिसला, तर लॉट गाडीत चढवण्याआधी झाकण उघडा आणि काय बदललं ते शोधा.